सहा आठवड्यांचे गणित: वसंत, मोहोळ आणि मधपाळ

माघ सरता सरता महाबळेश्वरच्या पठारावरची थंडी ढिली पडते आणि मधपाळ पेट्या उघडू लागतात. झाकण काढल्यावर जाणत्या मधपाळाची नजर आधी मधावर जात नाही, पिलाव्यावर जाते. अंडी किती आहेत, ती सलग घातली आहेत की विस्कटलेली, अळ्या पांढऱ्याशुभ्र आहेत की पिवळट, हे तो पाहतो. मध हा आजचा साठा आहे. जांभूळ फुलेल तेव्हा फुलांवर जायला माश्या असतील का, हे मात्र पिलाव्यावरूनच कळते.

वसंतातली मधमाशी म्हटले की फुले, गुणगुण आणि मधाची धार एवढेच डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात मोहोळासाठी हा वर्षातला सर्वांत जोखमीचा काळ असतो. वाढ, फाटाफूट, स्थलांतर, उपासमार, रोगराई आणि मधाची सुगी हे सारे याच दोन-तीन महिन्यांत दाटीवाटीने येते. मधमाशीपालनाचे शास्त्र, त्याचा बाजार आणि सरकारी योजना या तिन्हींची परीक्षाही याच काळात होते.

अंड्यापासून फुलापर्यंत

कामकरी माशी अंड्यातून पूर्ण वाढून बाहेर पडायला युरोपीय मेलिफेरा जातीत २१ दिवस लागतात. राणीला १६ आणि नराला २४ दिवस पुरतात. आपल्याकडच्या सातेरी जातीत हे दिवस थोडे कमी भरतात. पण बाहेर पडलेली माशी लगेच फुलावर जात नाही. पहिले तीनेक आठवडे ती घरातच राबते. घरे साफ करणे, अळ्यांना भरवणे, मेण काढून पोळे बांधणे, इतरांनी आणलेला मकरंद उतरवून घेणे, दाराशी पहारा देणे ही कामे वयानुसार तिच्याकडे येतात. त्यानंतर ती रानात जाते आणि दोन-तीन आठवड्यांत झिजून मरते.

म्हणजे अंडे घातल्यापासून मकरंद आणणारी माशी तयार व्हायला सुमारे सहा आठवडे लागतात. जांभूळ मार्चअखेरीस फुलणार असेल, तर त्या फुलांवर जाणाऱ्या माश्यांची अंडी फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत पडलेली हवीत. फुलोरा आल्यावर वाढू लागलेले मोहोळ तो फुलोरा पिले पोसण्यात खर्च करते आणि सुगीला पोचते तेव्हा झाडे फुलून गेलेली असतात. वसंतातल्या मधपाळीची जवळजवळ सगळी कामे या एका हिशेबातून निघतात.

थंड प्रदेशांत हा हिशेब जास्तच कठोर असतो. युरोप-अमेरिकेत मेलिफेरा हिवाळाभर एकमेकींना बिलगून गोळा करून राहते आणि साठवलेल्या मधावर ऊब टिकवते. शरदात जन्मलेल्या या हिवाळी माश्या पाच-सहा महिने जगतात, तर उन्हाळ्यातल्या जेमतेम पाच-सहा आठवडे. हिवाळा सरता सरता राणी अंडी घालू लागते आणि पिलाव्यासाठी घराचे तापमान ३४-३५ अंशांवर धरावे लागते. त्यामुळे मध झपाट्याने संपतो. जुन्या माश्या मरू लागलेल्या, नव्या अजून अपुऱ्या आणि बाहेर फुले नाहीत, अशी ही कात्री असते. तिकडची मोहोळे ऐन थंडीत तग धरून मार्चमध्ये उपाशी मरतात ती यामुळेच.

सह्याद्रीत तेच काम पावसाळा करतो. जून ते सप्टेंबर माश्यांना बाहेर पडता येत नाही, पडल्या तरी फारसे मिळत नाही. मोहोळे रोडावतात, राणी अंडी आवरते आणि मधपाळाला साखरेचा पाक देऊन ती जगवावी लागतात. पाऊस ओसरल्यावर सावरलेले मोहोळ हिवाळ्यात हळूहळू भरते आणि मार्च ते मे या काळात मधाची मोठी आवक होते. जांभूळ, हिरडा, गेळा ही या पट्ट्यातली मधाची ओळखीची झाडे. कारवीचे गणित आणखी निराळे आहे. ती सात वर्षे वाढते, आठव्या वर्षी पावसाच्या अखेरीस एकदम फुलते आणि मरते. मुंबईच्या बोरिवलीतील राष्ट्रीय उद्यानात २००८ आणि २०१६ साली तिचा असा फुलोरा आला होता. ज्या डोंगरावर कारवी फुलते तिथला मध त्या वर्षी वेगळाच निघतो आणि पुढची सात वर्षे त्याची वाट पाहावी लागते.

घर फुटते तेव्हा

भरलेल्या मोहोळाला जागा अपुरी पडू लागली की ते फुटते. कामकरी माश्या पोळ्याच्या खालच्या कडेला भुईमुगाच्या शेंगेएवढे राणीकोश बांधतात, त्यांतल्या अळ्यांना राजान्न भरवतात आणि नवी राणी बाहेर पडण्याच्या सुमारास जुनी राणी निम्म्याअधिक माश्या घेऊन घर सोडते. हा थवा आधी जवळच्या फांदीवर लटकतो. तिथून पुढे कुठे जायचे, हे ठरवण्याची रीत गेल्या शतकातील प्राणिशास्त्राने मोठ्या चिकाटीने उलगडली.

माशीच्या नृत्याची भाषा कार्ल फॉन फ्रिश यांनी वाचली आणि त्यासाठी त्यांना १९७३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पोळ्यावर माशी सरळ रेषेत थरथरत जाते. त्या रेषेचा उभ्या दिशेशी होणारा कोन सूर्यापासूनची दिशा सांगतो आणि थरथरण्याचा कालावधी अंतर सांगतो. फ्रिश यांचे शिष्य मार्टिन लिंडाउअर यांना १९४९ साली म्युनिकमध्ये एका थव्यावर नाचणाऱ्या माश्या काजळीने काळ्या आणि विटांच्या धुळीने लाल झालेल्या दिसल्या. फुलांवरून आलेल्या माश्या परागाने माखलेल्या असतात, काजळीने नाही. युद्धात उद्ध्वस्त झालेल्या शहराच्या पडक्या भिंती आणि धुराडी धुंडाळून आलेल्या त्या टेहळ्या माश्या होत्या. त्या नव्या घराची जागा सुचवत होत्या. पुढे अमेरिकेतील टॉमस सीली यांनी दाखवले, की थव्यातल्या टेहळ्या वेगवेगळ्या जागांची बाजू मांडतात, इतर माश्या स्वतः जाऊन खातरजमा करतात आणि एखाद्या जागी वीस-तीस टेहळ्या एका वेळी जमल्या की निर्णय पक्का होतो. राणीचा या निर्णयात काहीच वाटा नसतो.

मधपाळाच्या दृष्टीने मात्र फुटलेला थवा म्हणजे निम्मे मनुष्यबळ ऐन सुगीत गेले. म्हणून वसंताच्या तोंडावर तो दर आठ-दहा दिवसांनी चौकटी उचलून राणीकोश शोधतो. जुनी काळी पोळी काढून मेणपत्रे लावणे, पिलावा कक्षावर मध कक्ष चढवणे, मेणकिड्यासाठी तळपाट झाडणे आणि जोमदार मोहोळाचे आपणच विभाजन करणे ही कामे त्याच फेरीत होतात. विभाजनाची वेळ साधली तर एका पेटीच्या दोन होतात. फार लवकर केले तर दोन्ही दुबळ्या राहतात, उशिरा केले तर थवा आधीच झाडावर गेलेला असतो.

ही सगळी तपासणी शक्य झाली ती एका मोजमापामुळे. अमेरिकेतील पाद्री लॉरेंझो लँगस्ट्रॉथ यांच्या १८५१ साली लक्षात आले, की पेटीत सुमारे तीन अष्टमांश इंचाची फट ठेवली तर माश्या ती राळेने बुजवत नाहीत आणि तिथे पोळेही बांधत नाहीत. या फटीमुळे चौकटी सुट्या राहिल्या आणि पोळे न कापता बाहेर काढता येऊ लागले. पुढच्याच वर्षी त्यांनी पेटीचे पेटंट घेतले. आपल्या लहान चणीच्या सातेरीला ही पेटी मोठी होती. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात दक्षिण भारतात फादर न्यूटन यांनी तिच्या मापाची पेटी बनवली. त्यांच्या नावाची ती पेटी दक्षिणेत आजही वापरात आहे.

सातेरीचा मुलूख

भारतात मधमाश्यांच्या चार जाती लोकांच्या परिचयाच्या आहेत. कड्यावर किंवा उंच झाडावर एकच थोरले पोळे लटकवणारी आग्या, झुडपात तळहाताएवढे पोळे बांधणारी फुलोरी, ढोलीत किंवा भिंतीच्या पोकळीत समांतर पोळी बांधणारी सातेरी आणि डंख नसलेली चिमुकली पोयाची. यांतली सातेरी आणि पोयाची पेटीत नांदतात. १९६२ साली आताच्या हिमाचलमधील नगरोटा बगवान इथे पंजाबच्या शास्त्रज्ञांनी युरोपीय मेलिफेरा यशस्वीपणे रुजवली आणि उत्तर भारतातल्या मधाच्या धंद्याचा चेहरामोहरा बदलला. त्याच साली खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था पुण्यात उभी राहिली.

आकड्यांच्या शर्यतीत सातेरी मागे पडते. तिची पेटी वर्षाला साधारण पाच ते दहा किलो मध देते, मेलिफेराची २५-३० किलो आणि फुलांमागे फिरवली तर त्याहूनही जास्त. शिवाय सातेरी लहरी म्हणून बदनाम आहे. उपासमार झाली, मुंग्या लागल्या, मेणकिडा शिरला किंवा पेटी वारंवार उघडली तर ती पिलावा टाकून सरळ निघून जाते. मग मेलिफेराच का पाळू नये, हा प्रश्न दरवर्षी शिबिरांतून विचारला जातो.

त्याचे उत्तर सह्याद्रीतच आहे. मेलिफेरा मोठ्या एकजात फुलोऱ्यावर, म्हणजे मोहरी किंवा सूर्यफुलासारख्या पिकांवर पोसते. डोंगरातल्या विखुरलेल्या, थोड्याथोड्या फुलणाऱ्या झाडांवर सातेरी काटकसरीने जगते. शिवाय जगभरच्या मधपाळांची झोप उडवणारा व्हॅरोआ कोळी हा मुळात सातेरीवरचाच परजीवी आहे. हजारो वर्षांच्या सहवासात सातेरी त्याला अंगावरून ओढून काढायला शिकली आणि तो बहुतांशी नरांच्या पिलाव्यातच वाढतो, त्यामुळे मोहोळ टिकते. मेलिफेराला ही विद्या नाही. १९८७ साली हा कोळी अमेरिकेत आढळला आणि तिथल्या रानटी मोहोळांचा जवळजवळ फडशा पडला. ऑस्ट्रेलियाने दीर्घकाळ त्याला बाहेर ठेवले होते. तिथे तो २०२२ साली शिरला आणि सव्वा वर्षाच्या झुंजीनंतर त्याला समूळ नष्ट करण्याचा नाद देशाने सोडला.

सातेरीचा घात दुसऱ्याच रोगाने केला. थाई सॅकब्रूड हा विषाणू १९९१-९२ मध्ये केरळ, तामिळनाडू आणि कर्नाटकात पसरला. अळ्या पिशवीसारख्या फुगून मरू लागल्या आणि दोन-तीन हंगामांत दक्षिणेतली नव्वद टक्क्यांहून अधिक पाळीव मोहोळे गेली. यावर औषध नाही. जी मोहोळे आपोआप तगली, त्यांच्याच राण्यांपासून मधपाळांनी पुन्हा वंश वाढवला. स्थानिक वाण जपण्याचे महत्त्व यापेक्षा स्पष्टपणे दुसऱ्या कोणत्या घटनेने सांगितलेले नाही.

महाराष्ट्रात या जातीचे माहेर महाबळेश्वर-जावळीचा पट्टा. राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय महाबळेश्वरलाच आहे आणि मधपाळांची सहकारी सोसायटीही तिथेच नांदते. जवळच्या मांघर गावात बहुतेक घरांत मधपेट्या आहेत. मे २०२२ मध्ये ते देशातले पहिले ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. त्यापाठोपाठ कोल्हापूर जिल्ह्याच्या भुदरगड तालुक्यातील पाटगावाचे नाव आले. पुस्तकांचे गाव झालेले भिलारही याच डोंगरात आहे, त्यामुळे पर्यटकाला ही कल्पना चटकन पटते. मध चाखायचा, पेटी पाहायची, बाटली विकत घ्यायची.

पर्यटनाने मधाला गिऱ्हाईक मिळते, यात शंका नाही. पण गिऱ्हाईक वाढले म्हणून जांभळाची झाडे वाढत नाहीत. दक्षिण भारतात झालेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नृत्यांवरून माश्यांची उड्डाणे मोजली गेली. सातेरी आणि फुलोरी बहुतांशी एखाद्या किलोमीटरच्या आतबाहेर जातात, आग्या त्याच्या दुपटीहून लांब मजल मारते असे त्यात दिसले. एक किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ म्हणजे सुमारे ३१४ हेक्टर. सातेरीच्या पेटीचा सगळा संसार एवढ्याच जागेवर चालतो. त्यात किती पेट्या मावतील, हे तिथल्या झाडांवर ठरते, वाटपाच्या यादीवर नाही.

आग्याचे येणे-जाणे

आग्याला पेटीत डांबता येत नाही. ती फुलोऱ्यामागे शेकडो मैल नाही तरी मुलूखभर भटकते आणि दरवर्षी ठरलेल्या झाडांवर, कड्यांवर, पाण्याच्या टाक्यांवर परतते. आसाममधील मोहोळांच्या जनुकीय तपासणीतून २००० साली स्पष्ट झाले, की काही राण्या महिनोन्‌महिने बाहेर राहून आपल्या जुन्याच झाडावर परत आल्या होत्या. माश्यांची एक पिढी जेमतेम दोन महिने टिकते, तरी हे घडते. ते कसे, याचे पक्के उत्तर अजून मिळायचे आहे.

फाल्गुन-चैत्रात आग्याची पोळी मधाने जड होतात आणि तेव्हाच माणसाशी तिची गाठ पडते. सुंदरबनात मध काढणारे मौली लोक एप्रिलमध्ये वनखात्याचे परवाने घेऊन वनदेवी बनबीबीला नवस बोलून खारफुटीत शिरतात. मेळघाटातले आदिवासी रात्री पोळे उतरवतात. पेटत्या गवताच्या जुडीने माश्या जाळून सबंध पोळे पिळण्याची जुनी रीत मोहोळाचा निर्वंश करते आणि मधात अळ्यांचा रस मिसळून तो लवकर आंबतो. आग्याच्या पोळ्यात मध एका कोपऱ्यात आणि पिलावा बाकीच्या भागात असतो. तेवढाच मधाचा भाग कापला तर माश्या पोळे पुन्हा बांधतात आणि त्याच हंगामात दुसऱ्यांदा मध मिळतो. विदर्भात वर्ध्याच्या सेंटर फॉर बी डेव्हलपमेंटने जाळीचा पोशाख, दोर आणि कापणीची ही पद्धत गावोगावच्या मधकाढ्यांना शिकवली. तिथल्या मधाला त्यामुळे स्वच्छ मध म्हणून वेगळा भाव मागता येऊ लागला.

शहरात आग्याच्या वाट्याला बहुधा फवारा येतो. इमारतीच्या सज्जाखाली पोळे दिसले की सोसायटी कीटकनाशकवाल्याला बोलावते. अजिंठ्याच्या लेण्यांत आणि गडकिल्ल्यांवर पर्यटकांवर आग्याचे हल्ले झाल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात, तेव्हा ही भीती निराधार नाही. पण बहुतेक हल्ल्यांमागे दगड, धूर, फटाके किंवा उग्र अत्तराचा वास असतो. आपले काम उरकून आग्या काही महिन्यांत आपणच निघून जाते. वावराच्या वाटेपासून दूर असलेल्या पोळ्याला हात लावायचे कारणच नसते.

फुलांमागे धावणारे ट्रक

मेलिफेराचा धंदा मुळी स्थलांतरावर उभा आहे. उत्तर भारतातले मधपाळ डिसेंबर-जानेवारीत राजस्थान-हरियाणाच्या मोहरीत पेट्या लावतात. मार्च-एप्रिलमध्ये त्याच पेट्या रात्रीच्या ट्रकांनी बिहारमधल्या मुझफ्फरपूरच्या लिचीबागांत पोचतात. केरळात मधाची सुगी रबराच्या बागांत होते आणि तिथे मकरंद फुलांतून नाही, पानगळीनंतर फुटलेल्या कोवळ्या पानांच्या देठांवरच्या ग्रंथींतून झरतो. प्रत्येक मुक्कामाची तारीख एखाद-दोन आठवड्यांनी हुकली की वाहतुकीचा खर्चही निघत नाही.

याच पद्धतीचे टोक कॅलिफोर्नियात दिसते. तिथे सुमारे तेरा-चौदा लाख एकरांवर बदाम आहे आणि तो फेब्रुवारीत फुलतो. एकरी दोन पेट्यांच्या हिशेबाने देशातल्या निम्म्याहून अधिक व्यावसायिक पेट्या तीन-चार आठवड्यांसाठी एकाच खोऱ्यात आणल्या जातात. तिथे मधपाळाची मुख्य कमाई मधातून होत नाही, परागीभवनाच्या भाड्यातून होते. पण सगळ्या देशाच्या माश्या एकत्र आल्या की त्यांचे कोळी आणि विषाणूही एकत्र येतात. २००६ च्या हिवाळ्यात पेनसिल्व्हेनियातील मधपाळ डेव्हिड हॅकेनबर्ग यांच्या फ्लोरिडातील पेट्या रिकाम्या आढळल्या आणि मोहोळे ओस पडण्याच्या त्या प्रकाराची जगभर चर्चा झाली. २०२४-२५ च्या हिवाळ्यात अमेरिकी व्यावसायिक मधपाळांनी आपली निम्म्याहून अधिक मोहोळे गमावली. तपासात कोळ्यांनी पसरवलेले विषाणू आणि नेहमीच्या औषधाला दाद न देणारे कोळी सापडले.

महाराष्ट्रात परागीभवनाची गरज सर्वांत उघडपणे कांद्याच्या बियाण्यात दिसते. कांद्याच्या गोंड्यातल्या फुलाचे पराग आधी गळतात आणि त्याचे स्त्रीकेसर नंतर तयार होते. त्यामुळे परपरागीभवनासाठी त्याला कीटकांवाचून गत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये डेंगळ्यांची शेते पांढरी होतात, तेव्हा माश्या आल्या तर बी भरते, नाही आल्या तर गोंडे फोल राहतात. अनेक शेतकरी माश्यांना ओढण्यासाठी गुळाचे पाणी शिंपडतात, काही जण पेट्या भाड्याने आणतात. अडचण अशी, की फुलकिड्यांसाठी त्याच शेतात फवारणीही जोरात चालू असते. डाळिंब, सूर्यफूल, करडई आणि वेलवर्गीय भाज्यांची कहाणी फारशी वेगळी नाही. आंबा मात्र या यादीत नाही. त्याच्या मोहोरावरचे काम मुख्यतः साध्या माश्या करतात.

मधमाश्या संपल्या की चार वर्षांत माणूस संपेल, हे आइनस्टाइनच्या नावावर खपवले जाणारे वाक्य त्यांनी कुठे लिहिल्याचा पुरावा नाही आणि ते खरेही नाही. भात, गहू, ज्वारी, बाजरी वाऱ्यावर किंवा स्वपरागाने फळतात. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक आढाव्यानुसार ११५ प्रमुख अन्नपिकांपैकी ८७ पिकांना कीटक व इतर प्राण्यांच्या परागीभवनाचा कमी-अधिक फायदा होतो, आणि जगाच्या अन्नाचे सुमारे ३५ टक्के वजन या पिकांतून येते. भाकरी राहील. तिच्यासोबतचे फळ, तेल आणि बऱ्याचशा भाज्या महागतील किंवा जातील.

बाजार, औषधे आणि अवकाळी

कीटकनाशकांच्या बाबतीत युरोपने ठाम पाऊल उचलले. निओनिकोटिनॉइड गटातल्या इमिडाक्लोप्रिड, क्लोथियानिडिन आणि थायामेथॉक्झाम या तीन औषधांवर २०१३ साली निर्बंध आले आणि २०१८ मध्ये उघड्या शेतांतील त्यांचा वापर बंद झाला. आपल्याकडे ती सर्रास विकली जातात. निदान पीक फुलात असताना फवारणी टाळणे आणि करावीच लागली तर माश्या घरी परतल्यावर, संध्याकाळी करणे एवढे तरी शेतकऱ्याच्या हातात आहे. शेजारच्या शेतात पेट्या असतील तर आदल्या दिवशी एक फोन पुरतो.

मधाच्या बाजारातला पेच वेगळा आहे. उत्तर भारतातल्या मधपाळांनी भाव कोसळल्याची तक्रार केली. तिचा माग काढत दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने डिसेंबर २०२० मध्ये १३ ब्रँडच्या मधाच्या तपासणीचे निकाल जाहीर केले. प्रगत एनएमआर चाचणीत त्यांपैकी फक्त तीनच उतरले. साध्या चाचण्या चुकवतील असे साखरेचे पाक बाजारात येत असल्याचा संस्थेचा दावा होता, कंपन्यांनी तो फेटाळला. वाद बाजूला ठेवला तरी स्वस्त पाकाशी स्पर्धा करताना खरा मधपाळ टिकत नाही, ही गोष्ट उरतेच. केंद्र सरकारने २०२० साली राष्ट्रीय मधमाशीपालन व मध अभियानासाठी ५०० कोटी रुपये जाहीर केले, त्यात प्रयोगशाळांवर भर होता तो यासाठीच. ग्राहकाच्या बाजूने एक गैरसमज दूर व्हायला हवा. मध थिजला म्हणजे त्यात साखर मिसळली असे नसते. बहुतेक अस्सल मध थंडीत दाणेदार होतात, मोहरीचा तर फार लवकर होतो. बाटली कोमट पाण्यात ठेवली की तो पुन्हा पातळ होतो.

या सगळ्यावर आता हवामानाची भर पडली आहे. मार्च-एप्रिलमधला अवकाळी पाऊस फुलांतला मकरंद धुऊन नेतो, गारपीट मोहोर झोडपते आणि माश्या पेटीत अडकून आतलाच मध खातात. फुलोरा पंधरवडाभर अलीकडे सरकला तर सहा आठवड्यांचा हिशेब चुकतो, कारण राणीला तो आगाऊ कळत नाही. मधपाळाला कळू शकतो, पण त्यासाठी आपल्या परिसरात कोणते झाड कोणत्या आठवड्यात फुलले याची वर्षानुवर्षांची नोंद हवी. जुन्या मधपाळांच्या डोक्यात ती असते. योजनेच्या कागदावर बहुधा नसते.

आजवर मधमाशीपालनाचे यश पेट्यांच्या संख्येत आणि किलोंत मोजले गेले. कॅलिफोर्नियाचा अनुभव, दक्षिणेतली सॅकब्रूडची साथ आणि सातेरीची एक किलोमीटरची मर्यादा या तिन्ही गोष्टी सांगतात, की हे माप अपुरे आहे. मधाचे गाव करायचे असेल तर आधी त्या गावाच्या शिवारात बारा महिने काय फुलते याचा तक्ता ग्रामपंचायतीने करावा, रिकाम्या महिन्यांसाठी बांधावर आणि गायरानात जांभूळ, करंज, हिरडा, शेवगा लावावा आणि त्या फुलोऱ्याला पेलतील तेवढ्याच स्थानिक सातेरीच्या पेट्या द्याव्यात. हा तक्ता नसलेल्या गावाला पेट्या देऊ नयेत. पावसाळा संपेपर्यंत त्यांतल्या निम्म्या रिकाम्या होतात आणि दोष सातेरीच्या लहरीपणाला दिला जातो.